खिचडीत तांदूळ रेशनचा, डाळ कोणाची? सरकारी मदतीतून घरात सकस अन्न कसं आणायचं

नांदेडहून निघालेला रस्ता वारंगा फाट्यावर दोन दिशांना फुटतो. एक हिंगोली-वाशिमकडे जातो, दुसरा हदगाव-यवतमाळकडे. इथं गाडी थांबली की माणसं उतरून खिचडी खातात. फाट्याची ती ओळखच आहे. आपल्या घरांतही खिचडी काही परकी नाही. सकाळच्या नाश्त्याला खिचडी-खट्टा, रमजानच्या सहेरीला खिचडी, मोहर्रममध्ये खिचडा. पण खिचडी म्हणजे नुसता तांदूळ नव्हे. डाळ घातली नाही तर तो साधा भात होतो.

रेशनचंही तसंच आहे. सरकार तांदूळ देतं, गहू देतं, आता तो फुकट देतं. डाळ देत नाही. अंडं, शेंगदाणे, दूध, भाजी यांचा तर प्रश्नच नाही. म्हणून महिन्याचं रेशन पूर्ण उचलणाऱ्या घरातही पोट भरलेलं आणि अंगात रक्त कमी, अशी अवस्था दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना आणि पाच वर्षांखालच्या जवळपास ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. १०० मुलांमागे ३५ मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली.

आमच्याकडे वाचक विचारतात ते प्रश्न साधे असतात. आमच्या कार्डावर नेमकं काय मिळतं? पैसे मिळतात ते कोणाला? त्यातून काय घ्यावं? डब्यातली पावडर घ्यावी का? या लेखात आम्ही तेच एका जागी मांडत आहोत. उदाहरणं वारंगा, कळमनुरी, हिंगोली भागातली घेतली आहेत. नियम मात्र बहुतेक सगळ्या महाराष्ट्राला लागू आहेत. जो नियम फक्त काही जिल्ह्यांचा आहे, तिथं तसं लिहिलं आहे.

आधी आपलं कार्ड ओळखा

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाला. या कायद्यात दोन गट आहेत.

अंत्योदय: सगळ्यात गरीब कुटुंबं. माणसं कितीही असोत, कार्डामागे महिन्याला ३५ किलो धान्य.

प्राधान्य कुटुंब: माणशी महिन्याला ५ किलो. घरात पाच नावं असतील तर २५ किलो. ग्रामीण भागात वर्षाला ४४ हजार आणि शहरात ५९ हजार रुपये उत्पन्नाच्या आतली कुटुंबं या गटात घेतली गेली.

इथं एक गोंधळ नेहमी होतो. कार्डाचा रंग केशरी आहे म्हणून धान्य मिळणार नाही, असं समजू नका. केशरी कार्डवाली बरीच कुटुंबं प्राधान्य गटात आहेत. कार्डावर शिक्का बघा, किंवा ‘मेरा रेशन’ ॲपवर बघा. आपल्या कार्डावर किती नावं जिवंत आहेत आणि किती किलो मंजूर आहे, ते तिथं दिसतं.

पूर्वी या धान्याला तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये किलो असा दर होता. १ जानेवारी २०२३ पासून ते पूर्ण मोफत झालं आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढं पाच वर्षं मोफतच राहील असं केंद्राने जाहीर केलं. म्हणजे दुकानदाराने या धान्यासाठी एक रुपयाही मागू नये. प्रत्येक वेळी ई-पॉस मशीनची पावती घ्या. पावतीवर जितके किलो छापले असतील, तितकेच पिशवीत आले पाहिजेत.

फुकट झालं, पण डाळ आली नाही

आता हिशेब करू. घरात पाच माणसं, महिन्याला २५ किलो धान्य. माणशी दिवसाला साधारण १६५ ग्रॅम पडतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जो आहार सुचवला, त्यात २,००० कॅलरीच्या दिवसाच्या ताटात धान्य २५० ग्रॅम आणि डाळ-अंडं-मांस मिळून ८५ ग्रॅम धरलं आहे. त्याशिवाय भाजीपाला ४०० ग्रॅम आणि दूध ३०० मिली. म्हणजे रेशनने धान्याची गरज दोन तृतीयांश भागते, आणि डाळीची गरज शून्य भागते.

धान्य मोफत झाल्याने या घराचे आधीच्या तुलनेत किती रुपये वाचले? २५ किलोला २-३ रुपये दराने ५० ते ७५ रुपये. हे पैसे इतके थोडे असतात की ते कुठं गेले ते कळतही नाही. पण त्याच ५०-७५ रुपयांत महिन्याला अर्धा किलो मसूर येते. आमचं म्हणणं एवढंच की जो रुपया रेशनमुळे वाचला, त्याचं नाव आधीच ‘डाळ’ ठेवा.

रेशनमधून डाळ देता येत नाही, असं काही नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये केंद्राने मोफत धान्यासोबत कुटुंबामागे महिन्याला एक किलो डाळ किंवा चणे दिले होते. त्याआधी २०१८ च्या सुमारास आपल्या राज्यानेही रेशन दुकानातून स्वस्त तूरडाळ विकली होती. तमिळनाडूत रेशनकार्डावर तूरडाळ आणि पामतेल कमी दरात मिळत आलं आहे. अमेरिकेत गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी जी सरकारी मदत आहे, तिच्या यादीत दूध, अंडी, कडधान्यं ठरवून दिलेली असतात. आपल्याकडे ती यादी नाही. म्हणून ती आपण घरात करायची.

केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना रोख: १७० रुपये माणशी

हा नियम फक्त १४ जिल्ह्यांचा आहे आणि हिंगोली त्यात आहे. मराठवाड्याचे आठही जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, असे ते १४. या जिल्ह्यांत जे शेतकरी केशरी कार्डावर आहेत, पण प्राधान्य गटात नाहीत, त्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होतं. २०२२ मध्ये त्या योजनेसाठी केंद्राकडून धान्य येणं थांबलं. मग राज्याने जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये द्यायचं ठरवलं. एप्रिल २०२४ पासून ही रक्कम १७० रुपये झाली.

पैसे कुटुंबप्रमुख महिलेच्या बँक खात्यात येतात. अन्न सुरक्षा कायद्यातच लिहिलं आहे की रेशनकार्डावर घरातली १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख. म्हणजे दादी किंवा अम्मी. त्यांच्या नावाचं, आधार जोडलेलं, चालू खातं लागतं. अर्ज रेशन दुकानदाराकडे किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेत द्यायचा असतो. वारंग्याच्या लोकांसाठी तहसील कळमनुरी. सोबत रेशनकार्डाची आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, सगळ्यांचे आधार आणि सातबारा ठेवा.

पाच माणसांच्या घराला महिन्याला ८५० रुपये होतात. हे पैसे दर महिन्याला ठरल्या तारखेला येतीलच असं धरून चालू नका. कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. एकदम आले की ते मोटारसायकलच्या हप्त्यात किंवा खताच्या उधारीत जातात. म्हणून आले त्याच दिवशी किराण्यातून टिकणाऱ्या वस्तू भरून ठेवा. डाळ, चणे, शेंगदाणे महिनाभर खराब होत नाहीत.

ज्यांच्या घरी स्वतःच्या शेतातली ज्वारी-गहू आहे, त्यांनी या पैशातून पुन्हा धान्य घेऊ नये. ८५० रुपयांत काय येतं, त्याचा एक नमुना देतो. भाव आम्ही हिशेबापुरते धरले आहेत, तुमच्या बाजारातला आजचा भाव टाकून बघा.

- डाळ ३ किलो (मसूर, मूग, तूर मिळून), १३० रुपये किलोने: ३९० रुपये
- अंडी ३०, सात रुपयांनी: २१० रुपये
- शेंगदाणे १ किलो: १३० रुपये
- गूळ अर्धा किलो: ३० रुपये
- लिंबू आणि पालेभाजीसाठी शिल्लक: ९० रुपये

३० अंडी पाच जणांत वाटली तर कोणालाच पुरणार नाहीत. ती आधी पाच वर्षांखालच्या लेकराला आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला. आपल्याकडे आधी पुरुष आणि पाहुणे जेवतात, मग मुलं, आणि सून शेवटी, उरलेलं. सरकारी पैसा बाईच्या खात्यात येऊनही अंडं तिच्या ताटात येत नसेल, तर त्याचा दोष सरकारवर टाकता येत नाही.

अंगणवाडीचं पाकीट: हक्क आहे, खैरात नाही

पुष्कळ घरांना वाटतं की अंगणवाडीचा आहार फक्त पिवळ्या कार्डवाल्यांना आहे. तसं नाही. सहा महिने ते सहा वर्षांचं प्रत्येक मूल, प्रत्येक गरोदर बाई आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत प्रत्येक आई, यांना तो मिळतो. कार्डाचा रंग, जात, धर्म, उत्पन्न काही लागत नाही. फक्त अंगणवाडीत नाव नोंदवावं लागतं.

काय मिळायला हवं तेही ठरलेलं आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलाला घरी नेण्याचा आहार. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतच सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही घरी नेण्याचा आहार. अति कुपोषित मुलाला जास्त.

पाकिटाची चव आवडत नाही म्हणून ते म्हशीला घातलं, हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. काहींनी केलंही आहे. चवीचा इलाज घरातच आहे. पाकिटातलं पीठ कणकेत मिसळून रोटी करा, गूळ घालून शिरा करा, कांदा-कोथिंबीर घालून धिरडं करा. हलाल-हरामची शंका असेल तर पाकिटावरचा ठिपका बघा. हिरवा ठिपका म्हणजे आत प्राण्याचं मांस, चरबी काही नाही. मुदत उलटली असेल, आळ्या असतील, वास येत असेल, तर घेऊ नका. ताईला दाखवा, फोटो काढून ठेवा आणि तक्रार करा.

आणि एक. अंगणवाडीत दंडाला पट्टी लावून मुलाचं माप घेतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल अति कुपोषित. त्याला नजर लागलेली नसते. त्याला त्याच आठवड्यात दवाखान्यात दाखवायचं असतं.

गरोदरपणातले पैसे: ते कोणासाठी आहेत?

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. ३,००० रुपये गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी झाल्यावर, आणि २,००० रुपये बाळाच्या जन्माची नोंद आणि पहिल्या फेरीच्या लसी झाल्यावर. दुसरं अपत्य मुलगी झाली तर ६,००० रुपये एकदम. अन्न सुरक्षेचं रेशनकार्ड, मनरेगाचं जॉब कार्ड, ई-श्रम कार्ड, यातलं एक असलं तरी पात्रतेला चालतं. अर्ज आशा ताई किंवा अंगणवाडी ताईकडे. दवाखान्यात नाव लवकर नोंदवा. उशीर केला तर पहिला हप्ता अडकतो.

हा पैसा आईच्या खाण्यासाठी आणि आरामासाठी आहे. पण व्यवहारात तो छट्टी-अकीक्याच्या खर्चात, पाहुण्यांच्या जेवणात जातो. अकीका ऐपत असेल तेव्हा करता येतो. पण बाळ पोटात असताना जे खायला मिळालं नाही, ते नंतर भरून निघत नाही. ३,००० रुपये सहा महिन्यांत वाटले तर महिन्याला ५०० येतात. त्यात रोज एक अंडं, महिन्याला एक किलो फुटाणे आणि एक किलो शेंगदाणे बसतात.

काय घ्यावं, काय घेऊ नये

टीव्हीवरच्या जाहिरातीत मूल उंच होतं ते डब्यातल्या पावडरीने. आम्ही कोणत्या कंपनीचं नाव घेत नाही. डब्यामागची बारीक अक्षरं वाचा. अशा बहुतेक पावडरींत साखर मोठ्या प्रमाणात असते. ज्या पैशात एक डबा येतो, त्या पैशात महिनाभराची डाळ आणि अंडी येतात. डॉक्टरांनी आजारासाठी म्हणून लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. डब्याच्या दुधाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, मग तो डबा दुकानात कितीही पुढं मांडलेला असो.

१०० ग्रॅममागे प्रथिनं किती, ते लक्षात राहण्यासाठी साधारण आकडे देतो:

- तांदूळ ७-८ ग्रॅम, गहू ११-१२ ग्रॅम
- तूर, मूग, मसूर डाळ २२ ते २५ ग्रॅम
- शेंगदाणे २५ ग्रॅम, फुटाणे २० ग्रॅमच्या वर
- सोयावडी (कोरडी) ५० ग्रॅमच्या आसपास
- एक अंडं ६ ग्रॅम

आपल्या भागात शिवारभर सोयाबीन उभं असतं. ते सगळं पोत्याने बाजारात जातं आणि आपण वडीचं पाकीट किराण्यातून विकत आणतो. ते आणायला हरकत नाही, डाळ महाग झाली की सोयावडी हा चांगला आधार आहे. घरचं सोयाबीन वापरायचं असेल तर भिजवून, पूर्ण शिजवून किंवा भाजून दळूनच वापरा. कच्चं पचत नाही.

तांदूळ आणि डाळ वेगवेगळं खाण्यापेक्षा एकत्र खाल्लं तर फायदा जास्त. एकात जे कमी, ते दुसऱ्यात असतं. तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ हे प्रमाण धरा. आपली दादी खिचडीसोबत तीळ, शेंगदाणे, चिंचेचा खट्टा करायची, त्यात तेल, चुना (कॅल्शियम) आणि आंबट सगळं आलं. आंबटामुळे डाळीतलं, भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा प्यायला तर ते लोह वाया जातं. चहा तासाभराने घ्या. याला एक पैसा खर्च नाही.

मांस महाग आहे हे खरं. पण आठवड्यातून एकदा थोडी कलेजी किंवा डालच्यात दोन बोटी टाकल्या तरी लोह मिळतं. बकरी ईदला घरात मांस येतं, ते दोन दिवसांत पाहुण्यांवर संपवण्याऐवजी थोडं उन्हात सुकवून ठेवायची आपली जुनी रीत होती. ती अजून चालते.

‘प्लास्टिकचा तांदूळ’ नाही

रेशनच्या तांदळात काही दाणे वेगळे दिसतात. थोडे पिवळट, धुताना कधी वर तरंगतात. लगेच व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरतो की हा प्लास्टिकचा तांदूळ. तो प्लास्टिकचा नाही. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून दाण्याच्या आकारात काढलेला तो तांदूळच आहे. १०० दाण्यांत असा एक दाणा मिसळतात. मार्च २०२४ पर्यंत देशभरातल्या रेशनमध्ये असा तांदूळ पोचवला गेला.

आमच्या ओळखीच्या घरांत बाया हे दाणे निवडून फेकतात. म्हणजे त्या तांदळात जी भर घातली होती, नेमकी तीच केरात जाते. निवडू नका. एक-दोनदाच धुवा, मापात पाणी घालून शिजवा, पेज फेकू नका. घरात कोणाला थॅलेसिमिया किंवा सिकलसेल असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून खा.

रेशन विकू नका

कडू आहे, पण लिहावं लागेल. तांदूळ खपत नाही म्हणून तो फेरीवाल्याला किंवा किराणा दुकानात कमी भावात दिला जातो. त्या पैशात बिस्किटं, कुरकुरे येतात. हे धान्य विकत घेऊन साठवणं हा जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली गुन्हा आहे आणि विकणाऱ्याचं कार्डही धोक्यात येतं. तांदूळ जास्त होत असेल तर त्याचं पीठ करून धिरडी, इडली, तांदळाची रोटी करा.

रमजान आणि पोषण

गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी आई यांना त्रास होण्याची भीती असेल तर शरीअतने रोजाची सवलत दिली आहे. आपल्या आलिमांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारा. जी रोजा ठेवते तिने सहेरी चुकवू नये. नुसत्या चहा-पावावर सहेरी करण्यापेक्षा डाळीची खिचडी आणि एक अंडं संध्याकाळपर्यंत साथ देतं. रक्तवाढीची गोळी इफ्तारनंतर, चहापासून लांब घ्या. अंगणवाडीचं पाकीट रमजानमध्येही मिळतं, ते आणायचं बंद करू नका.

पैसा आणि धान्य अडकतं ते नावात

आमच्यापैकीच एका घरातली गोष्ट. सून लग्न होऊन आली, दोन मुलं झाली. तिचं नाव मात्र माहेरच्या कार्डावरच राहिलं आणि मुलांची नावं कुठल्याच कार्डावर चढली नाहीत. तीन माणसांचं १५ किलो धान्य दर महिन्याला गेलं. भांडण कोणाशी नव्हतं. फक्त कागद कोणी केला नाही.

आपल्या घरांत नावांचा घोळ जास्त असतो. आधारवर ‘शेख’ आधी, बँकेत शेवटी. एका ठिकाणी ‘बी’, दुसरीकडे ‘बेगम’. कुठं वडिलांचं नाव मधे, कुठं नवऱ्याचं. यंत्राला हे दोन वेगळे लोक वाटतात आणि पैसे परत जातात. म्हणून ही यादी एकदा बघून घ्या:

- आधार, रेशनकार्ड आणि पासबुक, तिन्हीवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का?
- आधारला शेवटी कोणतं खातं जोडलं? सरकारी पैसा बहुतेक वेळा त्याच खात्यात जातो. जुनं खातं बंद असेल तर बँकेत जाऊन चालू खातं जोडून घ्या.
- कार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी झाली का? कोणत्याही रेशन दुकानात मशीनवर अंगठा देऊन ती होते. कामाला बाहेरगावी गेलेला माणूस तिथल्या दुकानातही करू शकतो.
- मुलाचं आधार ५ आणि १५ वर्षांचं झाल्यावर नवीन ठशांनी अद्ययावत केलं का?
- निकाहनंतर माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला घेतला का? त्याशिवाय सासरी नाव चढत नाही.
- नवीन बाळाचा जन्म दाखला निघाला का?

ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांनी कार्ड घरी ठेवून धान्य बुडवू नये. एक देश एक रेशन कार्ड योजनेत कार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगून कुठल्याही रेशन दुकानातून आपलं धान्य उचलता येतं. अर्धं तिथं, अर्धं गावातल्या दादीने, असंही चालतं.

तक्रार कुठं करायची

दुकानदाराने कमी तोललं, पावती दिली नाही, अंगठा लावून ‘माल संपला’ म्हटलं, तर आधी पावती किंवा फोटो ठेवा. मग १९६७ या नंबरवर फोन करा. बाहेरगावचं धान्य अडलं तर १४४४५. लेखी तक्रार तहसीलदारांकडे, आणि तिथं ऐकलं नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. त्यावर राज्य अन्न आयोग आहे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. कायद्यात हेही आहे की हक्काचं धान्य मिळालं नाही तर त्याबदली अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. भत्ता मागण्यासाठीही हाती कागद लागतो.

या जुम्म्याला एवढं करा

प्रत्येक मोहल्ल्यात दोन-तीन पोरं-पोरी अशा असतातच ज्यांना मोबाईल चांगला चालवता येतो. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एक टेबल लावा. रेशनकार्ड, आधार, पासबुक घेऊन या असं आधीच्या दिवशी जाहीर करा. बायांसाठी वेगळी वेळ ठेवा, कारण खातं आणि कार्ड त्यांच्याच नावावर आहे. एका दुपारी ३०-४० घरांची नावं तपासून होतात. ज्यांची ऐपत आहे त्यांनी रमजानची वाट न बघता एखाद्या विधवेच्या घरी महिन्याला दोन किलो डाळ पोचवावी. तांदूळ तिच्याकडे आहे.

आणि घरात आजच करायचं काम एकच. उद्याची खिचडी टाकताना तीन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ मोजून घाला, आणि पहिलं ताट त्या घरातल्या गरोदर सुनेला वाढा.